सोडणातच पोटॅश, मग खतात किती?

वाचक विचारतात: ऑर्किड आणि खते

पावसाळ्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच विषय फिरून फिरून येतो: कमी पोटॅशचे खत. त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांतले अर्धेअधिक त्याच्यावर उभे आहे.

माझ्या पडवीत डेंड्रोबियमच्या चाळीसेक कुंड्या आहेत. माध्यम नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. दर रविवारी १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश प्रत्येकी १९ टक्के) देतो, लिटरला २ ग्रॅम. पाऊस सुरू झाल्यापासून नव्या कोंबांच्या पानांची टोके काळी पडतात. दोनदा बुरशीनाशक मारले, फरक नाही. कमी पोटॅशच्या खताने हे थांबते असे ऐकले. खरे काय?
*स. ना., फोंडा*

आधी पान हातात घेऊन बघा. काळे फक्त नव्या पानाच्या टोकाला आहे, सेंटीमीटरभर, कोरडे. काळ्या आणि हिरव्याच्या मध्ये पिवळी रेघ आहे. दाबल्यावर पाणी सुटत नाही आणि वासही नाही. असे असेल तर ती बुरशी नव्हे, कॅल्शियमची टंचाई आहे. जिवाणूंची कुज असती तर डाग पाणचट असता, घाण वास आला असता आणि एक-दोन दिवसांत पान गेले असते. करपा बहुतेक वेळा जुन्या पानांवर, वलये दाखवत येतो. तुमच्या बुरशीनाशकाला मारायला बुरशीच नव्हती.

कॅल्शियम झाडात एकाच वाटेने चढते. पानांतून जेवढे पाणी उडेल तेवढेच पाणी मुळांतून वर येते, आणि त्याच्याबरोबर कॅल्शियम. एकदा एका पानात जाऊन बसले की तिथून हलत नाही. जुन्या पानाकडून नव्याला उसने मिळत नाही. जुलैत आपल्याकडे हवाच ओलीगच्च असते, पानांतून पाणी फारसे उडत नाही, आणि नेमके तेव्हाच डेंड्रोबियम नवे कोंब जोरात वाढवत असते. मागणी सर्वांत जास्त आणि पुरवठा सर्वांत कमी, असा तो महिना.

त्यात तुमच्याकडे तीन गोष्टी जमून आल्या आहेत. १९-१९-१९ मध्ये कॅल्शियम नाही. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी मऊ असते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडेच. पावसाच्या पाण्यात तर जवळपास काहीच नाही. तिसरी गोष्ट सोडण. नारळ पोटॅशखाऊ झाड आहे आणि त्याच्या सोडणात मुळातच भरपूर पोटॅश आणि सोडियम असते. सोडणाच्या धाग्यांवर ती धरून बसलेली असतात. तुम्ही बाहेरून थोडे कॅल्शियम दिले तर सोडण ते स्वतःकडे ओढून घेते आणि बदल्यात पोटॅश सोडते. झाडाच्या वाट्याला पुन्हा पोटॅशच.

पोटॅश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळांच्या दारात एकमेकांना ढकलत असतात आणि त्यांत पोटॅश सर्वांत चपळ. कमी पोटॅशच्या खताची कल्पना यातूनच आली. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या नावाने ओळखले जाणारे १३-३-१५ हे कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त ऑर्किड-खत बरीच वर्षे चालत आले आहे. त्यातले स्फुरद आणि पोटॅश जवळजवळ काढून टाकून २०१० नंतर के-लाइट नावाचे १२-१-१ खत निघाले. त्यात कॅल्शियम १० आणि मॅग्नेशियम ३ टक्के. झाडावर राहणाऱ्या ऑर्किडला निसर्गात पोटॅश तुटपुंजे मिळते, म्हणून ते मिळेल तेवढे साठवून ठेवते आणि रोज दिले तर कॅल्शियमची वाट अडते, असा त्यामागचा युक्तिवाद.

आमचे मत असे: या खताने सुधारलेल्या झाडांपैकी पुष्कळांना पोटॅश कमी झाल्यापेक्षा कॅल्शियम मिळाल्याचाच गुण आलेला असतो. गोव्यातल्या सोडणाच्या कुंडीला तर दोन्ही लागू आहे. म्हणून पोटॅश कमी करा, बंद करू नका.

आता आकडे. लिटरला २ ग्रॅम १९-१९-१९ म्हणजे ३८० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नत्र. दर आठवड्याच्या खताला १०० पुरते. पाकिटावरचा तिसरा १९ हा पोटॅशच्या ऑक्साइडचा आकडा आहे, त्याला ०.८३ ने गुणले की खरे पोटॅशियम मिळते, १५.८ टक्के. म्हणजे तुम्ही ३१६ पीपीएम पोटॅशियम आणि शून्य कॅल्शियम देत होता.

१० लिटर पाण्याला हे घ्या: कॅल्शियम नायट्रेट ५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, १९-१९-१९ फक्त १ ग्रॅम. यातून नत्र साधारण ९६, पोटॅशियम १६, स्फुरद ८, कॅल्शियम ९४ आणि मॅग्नेशियम १९ पीपीएम मिळते. कॅल्शियम नायट्रेट १५.५ टक्के नत्राचे, शेतीचे, पूर्ण विरघळणारे घ्या. महिन्यातून एकदा चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये, पाकिटावर फवारणीचे प्रमाण असेल त्याच्या चौथाईने. आणि दर चौथ्या आठवड्याला खत नाही: कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधे पाणी सावकाश ओतून जुने क्षार धुऊन काढायचे.

खत बदलले तरी हवा हलली पाहिजे. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि पावसाच्या दिवसांत पडवीत दुपारी एक पंखा फिरू द्या, नाहीतर दिलेले कॅल्शियम मुळांपाशीच राहील. जुन्या पानांवर कॅल्शियम फवारून नव्या पानात जात नाही. काळी पडलेली टोके हिरवी होणार नाहीत. निकाल पुढच्या कोंबावर दिसेल, म्हणजे तीन-चार महिन्यांनी. तोवर दर आठवड्याला नवे काहीतरी करून बघू नका.

पुढच्या वेळी नवे सोडण वापराल तेव्हा ते तयार करून घ्या. तुकडे तीन वेळा, दर वेळी २४ तास साध्या पाण्यात भिजवून पाणी टाकून द्यायचे. पहिले पाणी कडक चहासारखे निघते. चौथ्यांदा १० लिटरला ४० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून एक दिवस ठेवायचे, मग स्वच्छ धुवायचे. सोडणात बसलेले पोटॅश आणि सोडियम या चौथ्या पाण्यात उतरतात. नुसत्या पाण्याने ते पुरते निघत नाहीत.

कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि १९-१९-१९ ही तिन्ही खते एकाच बाटलीत दाट करून ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाला पांढरा चुन्यासारखा थर बसला. बाटली हलवून तसेच वापरले तर चालेल का?
*एक वाचक, म्हापसा*

नाही. दाट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होते. कॅल्शियम आणि स्फुरद भेटले की कॅल्शियम फॉस्फेट. तो पांढरा थर म्हणजे तुमचे कॅल्शियम, आता दगड झालेले. मुळांना ते घेता येत नाही, आणि झारीची भोके बुजतात ती वेगळीच.

तीन बाटल्या करा. पहिलीत २५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून एकूण एक लिटर करा, दुसरीत १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटचे एक लिटर, तिसरीत ५० ग्रॅम १९-१९-१९ चे एक लिटर. प्रत्येकीतले २० मिलिलिटर १० लिटरच्या बादलीला घातले की वरच्या उत्तरातले प्रमाण बरोबर जमते. बादली आधी पाण्याने भरायची, मग एक बाटली, ढवळायचे, मग दुसरी, ढवळायचे, मग तिसरी. इतक्या पातळ पाण्यात थर बसत नाही. मिसळलेले पाणी त्याच दिवशी संपवा. तिसरी बाटली शेवाळते, म्हणून ती एकदम लिटरभर न करता पाव लिटर करा आणि अंधारात ठेवा.

बाटल्या करण्याचा आणखी एक फायदा आहे. कॅल्शियम नायट्रेट हवेतले पाणी ओढते. पाकीट जूनमध्ये उघडून पिन लावून ठेवले तर जुलैत त्यात चिकट काकवी सापडते, आणि ती चमच्याने मोजली तर निम्मे पाणीच मोजले जाते. पाकीट उघडले त्याच दिवशी पुरेसे वजन करून बाटली भरून टाका, उरलेले घट्ट झाकणाच्या बरणीत. वजनाला सोनाराकडच्यासारखा छोटा खिशातला काटा, ०.१ ग्रॅम दाखवणारा, पुरतो.

रासायनिक खत नको म्हणून केळीच्या सालींचे पाणी आणि चुलीतली राख देतो. कॅल्शियमसाठी कोणी खायचा चुना सांगतो, कोणी तिसऱ्यांची शिंपले. कशाने काय होते?
*श. गा., काणकोण*

केळीची साल आणि राख ही दोन्ही पोटॅशचीच खते आहेत. सोडणाच्या कुंडीत त्यांची भर म्हणजे आधीच भरलेल्या ताटात आणखी भात. राख शिवाय अल्कधर्मी. तिने मुळांभोवतीचा पीएच चढतो आणि लोह-मँगेनीज मिळेनासे होते, मग नवे पान फिकट पिवळे आणि शिरा हिरव्या. राख माडाच्या आळ्यात घाला, तिथे तिचे सोने होईल.

चुना ऑर्किडच्या मुळांवर अजिबात नको. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर जातो. मुळांवरचे पांढरे आवरण स्पंजासारखे असते, ते आलेले पाणी सेकंदांत शोषते. भाजायला तेवढा वेळ पुरतो.

शिंपले चालतात, पण अपेक्षा बेताची ठेवा. तिसऱ्यांची किंवा खुब्यांची शिंपले दोन-तीन आठवडे पाणी बदलत भिजवून मीठ काढायचे, वाळवून जाडसर कुटायची, सहा इंची कुंडीला एक मोठा चमचा. मऊ, किंचित आंबट पाण्यात ती वर्षभर हळूहळू झिजतात. खताची जागा ती घेणार नाहीत आणि त्यांत मॅग्नेशियम नगण्य. अंड्याच्या टरफलांचे पाणी मात्र फुकटचा खटाटोप आहे. साध्या पाण्यात टरफल विरघळत नाही.

शेडनेटमध्ये डेंड्रोबियमची २,००० झाडे आहेत, फुले विकतो. आतापर्यंत वाढीला ३०-१०-१० आणि फुलांच्या वेळी पोटॅश जास्त, अशी पद्धत. सगळे बदलून कमी पोटॅशवर जावे का?
*व. प., डिचोली*

सगळे एकदम बदलू नका. पडवीतले झाड आणि तुमचे झाड यांत मोठा फरक आहे: तुम्ही दर आठवड्याला दांडे कापून बाहेर नेता आणि प्रत्येक दांड्याबरोबर पोटॅशही जाते. १२-१-१ सारख्या टोकाच्या प्रमाणावर कापणीचे झाड वर्षभर ठेवणे आम्हाला धोक्याचे वाटते.

मधला रस्ता असा. १०० लिटरला कॅल्शियम नायट्रेट ४० ग्रॅम, १९-१९-१९ २० ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३-०-४५ ५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम. नत्र १०६, पोटॅशियम ५०, कॅल्शियम ७५, मॅग्नेशियम १९ पीपीएम. पोटॅश नत्राच्या निम्मे. ठिबकाला इंजेक्टर असेल तर दोन टाक्या लागतील: एकीत दोन्ही नायट्रेट, दुसरीत १९-१९-१९ आणि मॅग्नेशियम सल्फेट.

हे एकाच बाकावरच्या ५० झाडांना द्या, शेजारच्या ५० ना तुमची जुनी पद्धत. जात, वय आणि सावली एकच हवी. नवे कोंब, दांडे, दांड्यावरची फुले आणि फुलदाणीत टिकलेले दिवस वहीत लिहा, आणि एक पूर्ण पावसाळा त्यात येऊ द्या. उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांवरून निर्णय घेतला तर चुकाल, कारण कॅल्शियमचा खरा प्रश्न जुलैत उभा राहतो.

फुलांसाठी पोटॅश वाढवण्याबद्दल एक शब्द. डेंड्रोबियमला दांडा येतो तो कांडी पक्व झाल्यावर आणि उजेड पुरेसा मिळाल्यावर. कांड्या उंच, गर्द हिरव्या, लुळ्या आणि फुले कमी, हे दिसले की लोक पोटॅश कमी पडले म्हणतात; बहुधा ३०-१०-१० चे नत्र जास्त झालेले असते आणि जाळी दाट असते. आधी नत्र उतरवा, जाळीवरचे शेवाळ धुवा.

फ्लॅटच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस, मॉसमध्ये. पाणी आरओचे. आठ महिने १२-१-१ चे आयात खत वापरले, पाने मोठी झाली. पण दांडा आल्यावर खालची दोन पाने पिवळी पडत आहेत, त्यांवर जांभळट ठिपके. हे वयामुळे का?
*मे. का., मडगाव*

वयाने पान जाते तेव्हा सर्वांत खालचे एकच पान, सगळे एकसारखे पिवळे होऊन गळते. दोन पाने, ठिपक्यांसकट, तीही दांडा वाढत असताना, हे पोटॅशच्या कमतरतेचे चित्र आहे. पोटॅश झाडात सहज फिरते, म्हणून झाड ते जुन्या पानांतून काढून फुलांना देते. कॅल्शियमच्या नेमके उलट: ती टंचाई नव्या पानावर दिसते, ही जुन्यावर. शिरा हिरव्या राहून मधला भागच पिवळा झाला असता तर मॅग्नेशियम म्हटले असते.

कमी पोटॅशवाल्यांनी न विसरण्यासारखा एक प्रयोग आहे. टेक्ससमधले यिन-तुंग वांग यांनी फॅलेनॉप्सिसला शून्यापासून ५०० पीपीएमपर्यंत पोटॅशियम देऊन पाहिले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. पोटॅश न मिळालेल्या झाडांची खालची पाने पिवळी पडली, त्यांवर जांभळे ठिपके आले आणि मग ती वाळली. उत्तम फुलांसाठी त्यांची शिफारस ३०० पीपीएमची होती. तो प्रयोग नत्र आणि स्फुरद भरपूर देऊन केलेला होता, घरच्या गॅलरीत तेवढे कोणी देऊ नये. पण फॅलेनॉप्सिस शून्याजवळ तग धरत नाही एवढे त्यातून स्पष्ट आहे.

तुमच्याकडे मॉस आहे, सोडण नाही. सोडणातून मिळणारे जादा पोटॅश तुमच्या झाडाला नाही आणि आरओच्या पाण्यातही नाही. तेच खत चालू ठेवा, फक्त महिन्यातून दोनदा त्याच्याऐवजी १९-१९-१९ लिटरला अर्धा ग्रॅम द्या. पिवळी पाने तोडू नका, झाड त्यांतून अजून काढून घेत आहे; पूर्ण वाळली की हाताने सुटतील.

विहीर समुद्रापासून जवळ. मेमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० दाखवते. कोणते खत चालेल?
*एक वाचक, पेडणे*

खताआधी पाणी बदला. ९०० मधले बरेचसे मीठ असणार आणि त्यावर कोणतेही खत म्हणजे आणखी मीठ. मुळांची हिरवी टोके तपकिरी होऊन थांबली असतील तर तेच कारण. ऑगस्ट-सप्टेंबरात छपराचे पाणी टाकीत साठवा. कौलांवरचा पहिला पाऊस धुऊन जाऊ द्या. मेमध्ये एक भाग विहिरीचे आणि चार भाग साठवलेले पाणी मिसळा, मीटर २०० च्या आत येईल. खताचे प्रमाण पहिल्या उत्तरातले, पण निम्मे.

कुळागरात आंब्यावर सीतेची वेणी (रानातले ऑर्किड) आपोआप आली आहे. मे महिन्यात छान फुलते. तिलाही कमी पोटॅशचे खत द्यावे का?
*ग. म., सत्तरी*

नको. तिच्या मुळांवरून प्रत्येक पावसाला पानांचे, सालीचे, पाखरांच्या विष्ठेचे धुतलेले पाणी जाते, त्यावर ती वाढते. तुम्ही फवारलेले खत आंब्याच्या सालीवर शेवाळ मात्र वाढवेल आणि ते मुळांवर चढेल. फांदी मोडून वेणी खाली पडली असेल तरच तिची सोय करा: पाऊस सुरू होताना सुतळीने दुसऱ्या खडबडीत फांदीला, पूर्वेकडच्या बाजूला बांधा, मुळे उघडी ठेवून. सोडण खाली बांधण्याची आपल्याकडे रीत आहे, ती इथे टाळा. पावसात ते चार महिने ओले राहते आणि बुंधा कुजतो. नवी मुळे सालीला धरली की सुतळी कापून टाका.